निपुणची लिंक शंभर टक्के भरली, पोरं मात्र वाचत नव्हती: एका केंद्राचं प्रकरण

हे प्रकरण २०२२-२३ या शैक्षणिक वर्षातलं. केंद्र म्हणजे आसपासच्या शाळांचा गट. हे केंद्र मराठवाड्यातलं, डोंगरपट्ट्यातलं, दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं असं. गावांची आणि माणसांची नावं दिलेली नाहीत, आणि पोरांचे आकडेसुद्धा मुद्दाम देत नाहीये, कारण आमच्या तालुक्यात नुसता आकडा सांगितला तरी केंद्र ओळखू येतं, इतक्या लिंका, म्हणजे माहितीचे ऑनलाइन फॉर्म, भरून झाल्यात सगळ्यांच्या. मी तेव्हा गटसाधन केंद्रात, म्हणजे तालुक्यातल्या शिक्षकांना मदत करणाऱ्या कार्यालयात, साधनव्यक्ती होतो. म्हणजे करारावरचा माणूस, अधिकार शून्य आणि फिरणं भरपूर.

पार्श्वभूमी

२९ जुलै २०२० ला नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. पेपरात सगळीकडे इयत्तांच्या ५+३+३+४ या नव्या रचनेची चर्चा, दहावी बोर्ड राहणार का जाणार याची चर्चा. पण त्या धोरणाचं दुसरं प्रकरण कुणी नीट वाचलं असेल तर त्यात एक फार रोखठोक गोष्ट आहे, की मुलांना आधी पायाभूत वाचन, लेखन आणि साधं गणित आलं तरच बाकीचं धोरण त्यांच्या उपयोगाचं. प्राथमिकच्या ५ कोटींपेक्षा जास्त मुलांना हे येत नाही असा अंदाजही तिथंच दिलाय. सरकारी कागदात एवढं सरळ क्वचितच लिहिलेलं असतं.

मग ५ जुलै २०२१ ला निपुण भारत आलं, म्हणजे तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचन आणि गणित यावं यासाठीचं केंद्र सरकारचं अभियान, २०२६-२७ पर्यंत मुदत. टार्गेट स्पष्ट होते. दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तिसरीच्या शेवटी किमान ६०, तेही समजून. संख्या पहिलीला ९९ पर्यंत, दुसरीला ९९९, तिसरीला ९९९९.

आता आमच्याकडची परिस्थिती बघा. २०२२-२३ ला जी पोरं तिसरीत होती ती जून २०२० ला पहिलीत आलेली. म्हणजे पहिलीचं अख्खं वर्ष घरात गेलं. दुसरीतही ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग डिसेंबर २०२१ ला उघडले, जानेवारीत परत बंद, परत उघडले. मधल्या काळात मागचं राहिलेलं भरून काढायला ४५ दिवसांचा सेतू अभ्यास आला, तो पीडीएफमध्ये. ज्या वस्तीवर एकच स्मार्टफोन आणि तोही मुकादमाकडं, तिथं पीडीएफचं काय होणार. थोडक्यात, तिसरीतलं पोरगं खऱ्या अर्थानं पहिल्यांदाच शाळेत बसत होतं आणि आपण त्याला मिनिटाला ६० शब्द मागत होतो.

केंद्रातल्या बहुतेक शाळा द्विशिक्षकी. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणं ६० पटापर्यंत दोन शिक्षक, म्हणजे चार इयत्ता, दोन खोल्या, दोन माणसं, आणि त्यातला एक मुख्याध्यापकाचा चार्ज सांभाळणारा, म्हणजे पोषण आहाराचा तांदूळ, यूडायसची शाळेची ऑनलाइन माहिती, आधार, सगळं त्याच्याच बोकांडी.

अडचण

तालुक्यानं एक गूगल फॉर्म पाठवला. प्रत्येक शिक्षकानं आपल्या वर्गातली किती मुलं निपुण आहेत ते भरायचं, मुदत दोन दिवस. लिंक भरली नाही तर ग्रुपवर लाल अक्षरात शाळेचं नाव. आमच्या केंद्राची लिंक दीड दिवसात शंभर टक्के भरली आणि निकाल एकदम चकाचक, दहातली आठ-नऊ पोरं वाचतायत. तालुक्यात वरचा नंबर. केंद्रातल्या सगळ्या शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख सर खूश व्हायला हवे होते, ते झाले नाहीत. मला म्हणाले, चला, दोन शाळा बघून येऊ.

पहिलीच शाळा वस्तीवरची. तिसरीतला एक पोरगा उठला, धडा काढला आणि धाडधाड वाचला. एक चूक नाही. मी तिसऱ्या ओळीतल्या एका शब्दावर बोट ठेवलं, म्हणलं हा कोणता शब्द? त्यानं माझ्याकडं बघितलं, पुस्तकाकडं बघितलं, मग पहिल्या ओळीवर गेला आणि पुटपुटत पुटपुटत तिथपर्यंत आला आणि म्हणाला, "विहीर". बरोबर होतं. तोच शब्द मी फळ्यावर लिहिला तर त्याला येईना. त्याला ओळीची सुरुवात सापडत नव्हती ना, एकटा शब्द कुठून म्हणायचा.

मॅडम बाजूला उभ्या होत्या. त्या काही लपवत नव्हत्या. म्हणाल्या, "सर, मला माहितीये. पण लिंकमध्ये 'वाचतो' आणि 'वाचत नाही' एवढंच होतं. 'वाचत नाही' दाबलं की खाली कारण लिहायचा रकाना उघडतो. एका पोराचं कारण लिहिलं, मग दुसऱ्याचं काय लिहू? कोरोना लिहू का माझं नाव लिहू?"

अख्ख्या प्रकरणाची गाठ या रकान्यात आहे असं माझं मत. दिल्लीहून निघालेली योजना पुण्याला एससीईआरटीत, म्हणजे राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेत आली, तिथून डायटला, म्हणजे जिल्ह्याच्या शिक्षक प्रशिक्षण संस्थेत, मग तालुक्याला, मग केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, म्हणजे शिक्षण परिषदेत, आणि प्रत्येक टप्प्यावर नीट समजावून सांगितली गेली, मार्गदर्शिका खरंच चांगल्या होत्या. पण वरती माहिती जाते ती या रकान्यातून. जुन्या शिक्षकांना २०१५ चा राज्याचा प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा कार्यक्रमही आठवत होता. त्यात चांगलंही खूप झालं, सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट, म्हणजे तिथल्या शाळांचा विभाग, बघायला लोक गाड्या करून गेले, वर्गातल्या फरश्यांवर रंगाचे तक्ते आले. पण त्याच काळात शाळा 'प्रगत' घोषित करायची घाई झाली, आणि एकदा प्रगत म्हणून लिहिलेली शाळा पुढच्या वर्षी अप्रगत कशी लिहायची? तिथून लोकांनी धडा घेतला की आकडा एकदा वर गेला की तो खाली आणायचा नसतो.

कोणकोणते पर्याय होते

केंद्रप्रमुखांच्या घरी ओसरीवर बसून आम्ही तिघं-चौघं बोललो. पहिला प्रश्न, खरी स्थिती कळणार कशी? शिक्षकाला परत स्वतःच्याच वर्गाची तपासणी करायला लावण्यात अर्थ नव्हता. डायटचे लोक किंवा डीएडची पोरं आणून करता आलं असतं, पण बाहेरचा माणूस आला की शाळा एक दिवसासाठी सजते आणि हुशार पोरं पुढं बसतात. तिसरा पर्याय एका तरुण गुरुजींनी सुचवला, की आपण आपसातच शाळा बदलून तपासू. माझी पोरं तुम्ही तपासा, तुमची मी. सगळ्यांची झाकली मूठ एकदमच उघडली तर लाज कुणाची नाही. यावर थोडी कुरबुर झाली, "म्हणजे शेजाऱ्यानं आमच्या घरात डोकवायचं का", पण शेवटी तेच ठरलं. अट एकच, तपासणीचा कागद त्याच शाळेत राहणार, फोटो काढायचा नाही, ग्रुपवर टाकायचा नाही.

तपासायचं कशानं? मिनिटाला शब्द मोजायला गेलो तर अर्धी पोरं शून्यावर येतील आणि शून्य आणि शून्यात फरक कळणार नाही. म्हणून असरसारखी पायरी घेतली: काहीच नाही, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. असर म्हणजे 'प्रथम' या संस्थेचं देशपातळीवरचं जे सर्वेक्षण आहे त्याचा २०२२ चा अहवाल नंतर जानेवारीत आला. त्यात देशभरात तिसरीतली दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुलं २०१८ ला २७.३ टक्के होती ती २०.५ वर आलेली. तो वाचून आमच्या गुरुजींना जरा धीर आला, की आपण एकटेच नाही.

दुसरा प्रश्न जास्त अवघड. खरं कळल्यावर वरती काय कळवायचं? फॉर्म तर आधीच भरून गेलेला. दुरुस्ती करावी तर केंद्र एकदम तळाला जाणार, खुलासा मागणार, आणि ज्यांनी खरं सांगितलं त्यांनाच नोटीस मिळणार. दुरुस्ती न करावी तर तालुक्याचं पुढचं नियोजन आमच्या खोट्या आकड्यावर होणार. यावर दोन तास बोलणं झालं. शेवटी सर म्हणाले, वरचा आकडा राहू द्या तसाच, आपण आपल्या वहीत खरं लिहू. मीही मान हलवली. हा निर्णय बरोबर होता का, त्याकडं शेवटी येतो.

तिसरा प्रश्न वेळेचा आणि गटांचा. इयत्तेप्रमाणं बसवून जादा तास घ्यायचा, का रोज एक तास इयत्ता मोडून स्तराप्रमाणं बसवायचं? दुसऱ्या पद्धतीचा भारतात बराच अनुभव आहे, प्रथमनं ती वर्षानुवर्षं केलीय, २०१९ चं नोबेल मिळालेल्या अभिजित बॅनर्जींच्या मंडळींनी त्यावर अभ्यास केलेत. पण पुस्तकातलं वेगळं आणि दोन खोल्यांतलं वेगळं. पाच स्तर, दोन शिक्षक. आणि अभ्यासक्रम पूर्ण झाला नाही तर विचारणार कोण, तर तेच, ज्यांनी निपुण मागितलंय.

काय केलं

ऑगस्टच्या शेवटी अदलाबदली तपासणी झाली. निकाल अपेक्षेपेक्षा वाईट. तिसरीतली बरीचशी पोरं अक्षर किंवा शब्द पायरीवर, गोष्ट वाचणारी बोटावर मोजण्याइतकी. चौथीतही चित्र फार वेगळं नव्हतं. गणितात अजून एक गंमत दिसली. त्रेसष्ट लिहा म्हणलं की ३६. मराठीत त्रेसष्टमध्ये तीन आधी ऐकू येतो, पोरगं ऐकलं तसं लिहितं, त्याची काय चूक? २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा राज्यभर केवढी टिंगल झाली होती, मीही केली होती. त्या दिवशी एका मॅडमनी त्याच पोराला 'साठ तीन' लिही म्हणलं आणि त्यानं बरोबर ६३ लिहिलं. मी गप्प बसलो.

मग परिपाठानंतरचा एक तास सगळ्या शाळांनी स्तराचा केला. पाच स्तर नकोत, तीन गट केले. काहीच नाही आणि अक्षर एकत्र एका शिक्षकाकडं, शब्दवाले दुसऱ्याकडं, आणि परिच्छेद-गोष्टवाले पडवीत सतरंजीवर, स्वतः वाचायचं, एकमेकांना ऐकवायचं. त्यातल्या त्यात अनुभवी शिक्षकानं खालचा गट घ्यायचा असं ठरलं, आणि हे ठरवायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण आपल्याकडं उलटं असतं, चांगला शिक्षक नवोदय-स्कॉलरशिपच्या पोरांना.

पालकांचा विरोध आठवड्यात सुरू झाला. एका आजोबांनी शाळेत येऊन विचारलं, "आमचं पोरगं चौथीत हाय, त्याला पहिलीच्या पोरांत कशाला बसवता गुरुजी? नापास केलं काय?" प्रश्न रास्त होता. गटांना फुलांची नावं दिली होती, पण पोरांना दोन दिवसांत कळतं की मोगरा म्हणजे ढ. एका शाळेनं मग चौथीच्या खालच्या गटाला सकाळी तिकडं पाठवायचं बंद केलं आणि त्यांना खिचडीनंतर वेगळं घ्यायला सुरुवात केली, पंचवीस मिनिटं, रोज. नियमात बसत नव्हतं. पण ती पोरं यायला लागली, आधी त्या तासाला लघवीला म्हणून जायची ती घरीच पोचायची.

शिक्षण परिषदही बदलली. आधी सकाळी दीपप्रज्वलन, मग मार्गदर्शन, मग जेवण. आता प्रत्येकानं एक अडलेलं पोर घेऊन यायचं, म्हणजे पोराचं नाव न सांगता त्याची वही, आणि बाकीच्यांनी सांगायचं की हे कुठं अडलंय. काना आणि वेलांटीत अडलेली पोरं वेगळी, जोडाक्षरात अडलेली वेगळी, हे मला स्वतःला तिथं कळलं.

मग आली दिवाळी. सगळ्यात मोठी अडचण इथं होती आणि आमच्या नियोजनात ती शेवटच्या पानावर होती. टोळ्या निघाल्या. मागं राहणाऱ्या पोरांसाठीचं हंगामी वसतिगृह एकाच गावात चाललं, बाकी ठिकाणी पोरं आजीजवळ राहिली किंवा आईबापाबरोबर फडावर गेली. जाणाऱ्यांना तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड द्यायचं असतं, ते दिलं, पण त्यावर इयत्ता असते, स्तर नसतो. म्हणून आम्ही मागच्या बाजूला पेनानं लिहिलं, 'शब्द वाचतो, काना चुकतो, बेरीज येते'. सोबत जुन्या कॅलेंडरच्या मागं लिहिलेले शब्दकार्ड. कारखान्याकडच्या किती शाळांनी ते उलटून बघितलं माहीत नाही. मागं राहिलेल्या पोरांच्या आज्यांना माता पालक गटात घेतलं, वॉट्सॲपवरचे व्हिडिओ त्यांना जमणारे नव्हते, पण "रोज संध्याकाळी याला मोठ्यानं वाचायला लावा, चूक का बरोबर ते तुम्हाला कळायची गरज नाही, बोट शब्दावर फिरतंय का तेवढं बघा" एवढं सांगितलं. हे जमलं. बोट बघायला अक्षर यावं लागत नाही.

काय झालं

शेवटची अदलाबदली तपासणी मार्चमध्ये ठेवली होती. १४ मार्च २०२३ ला जुन्या पेन्शनचा संप सुरू झाला, आमचे सगळे शिक्षक संपात, २० तारखेला मिटला. तपासणी एप्रिलवर गेली, तोवर उन्हं वाढली, शाळा सकाळची झाली, आणि फडावरची थोडी पोरं परत यायला लागली, थोडी नाही आली. त्यामुळं ऑगस्टची यादी आणि एप्रिलची यादी जुळत नाही. हे आधीच सांगतो, कारण यशोगाथा लिहिणारे ही गोष्ट गाळतात.

जी पोरं वर्षभर गावात होती त्यातली शब्द पायरीवरची बहुतेक परिच्छेदावर गेली, काही गोष्टीवर. विहीरवाला पोरगा गोष्ट वाचायला लागला, हळू वाचतो, मिनिटाला ६० च्या जवळपासही नाही, पण फळ्यावरचं वाचतो. अक्षर पायरीवरची तिसरीची पोरं सरकली. चौथीची खालची पोरं मात्र फारशी सरकली नाहीत, दुपारच्या वर्गाची ती शाळा सोडून. पाचवीला ती दुसऱ्या शाळेत गेली आणि आमच्या वहीतून निघून गेली. गणितात संख्या सुधारल्या, हातच्याची वजाबाकी जिथल्या तिथं. खरं सांगायचं तर गणिताला आम्ही वेळच दिला नव्हता, तासातली शेवटची दहा मिनिटं.

आणि लिंक? ती वर्षअखेरीला परत आली. आमचं केंद्र आधीच नव्वदच्या घरात, आता काय लिहिणार. दोन टक्के वाढवून भरलं. म्हणजे वर्षभर जे काम झालं ते कागदावर दोन टक्के.

वेगळं काय करता आलं असतं

आधी त्या वहीच्या निर्णयाबद्दल. सरांनी शिक्षकांना वाचवलं आणि त्यामुळंच खरी तपासणी शक्य झाली, हे मी आजही मानतो. नोटिशीची भीती असती तर ऑगस्टलाही सगळं चकाचकच निघालं असतं. पण त्याची किंमत मोजली. शाळांना निधी देणाऱ्या समग्र शिक्षा योजनेची वार्षिक कार्ययोजना आणि अंदाजपत्रक खालच्या माहितीवरून बनतं. तालुक्यानं वाचन साहित्याचे जादा संच आणि डायटचे मदतनीस दिले ते कमी टक्क्याच्या केंद्रांना. आम्हाला काही मिळालं नाही, मागायला तोंडही नव्हतं. वसतिगृहाची मागणी लावून धरायला गेलो तर "तुमची पोरं तर निपुण आहेत की". यावर काय बोलणार.

आता वाटतं, वही आणि लिंक यांच्यामध्ये तिसरी वाट होती. गटशिक्षणाधिकारी साहेबांना आधी एकट्यात भेटायचं, वही दाखवायची, आणि म्हणायचं की या वर्षी आमच्या केंद्राचा लिंकमधला पहिला आकडा धरू नका, ऑगस्टच्या तपासणीचा धरा, आणि शाळानिहाय मागू नका, केंद्राचा एकच घ्या. साहेब ऐकणारे होते, हे नंतर दुसऱ्या एका प्रसंगात कळलं. आम्ही विचारलंच नाही, स्वतःच गृहीत धरलं की नोटीस येईल. भीती नेहमी वरूनच येते असं नाही, निम्मी आम्ही खालीच तयार करून ठेवलेली होती.

वरच्या पातळीवर बघितलं तर धोरणानं टार्गेट आणि मोजमाप एकाच माणसाच्या हातात दिलं, जो शिकवतो तोच स्वतःचा निकाल कळवतो, आणि त्याच निकालावर त्याची शाळा ग्रुपवर लाल होते. पुढच्या वर्षापासून जागतिक बँकेच्या मदतीच्या स्टार्स प्रकल्पातून पीएटी, म्हणजे ठरावीक काळानं घ्यायच्या मूल्यांकन चाचण्या आल्या, तिसरी ते आठवी, पेपर राज्याचा. बरं झालं, पण तपासणारा तोच. डिसेंबर २०२४ चं परख हे देशपातळीवरचं सर्वेक्षण नमुन्यावरचं, म्हणजे निवडक शाळांतलं होतं, त्यात एका शाळेची लाज जात नाही, म्हणून मला ते जास्त पटतं. शाळेला मदत करायची माहिती वेगळी आणि देशाला चित्र दाखवायची माहिती वेगळी, हे दोन्ही एकाच लिंकमध्ये भरायला लावलं की दोन्ही खोटे होतात.

दुसरं, कॅलेंडर. आमचं नियोजन जून ते एप्रिल होतं, गावाचं वर्ष दिवाळीला तुटतं. ऑगस्टऐवजी जूनमध्ये शाळा उघडताच तपासणी झाली असती तर जाणाऱ्या पोरांना सलग चार महिने मिळाले असते. आणि जाणारी पोरं कोणती हे जूनलाच माहीत असतं, मुकादमाची उचल तेव्हाच घेतलेली असते. त्यांचा गट आधी धरायला हवा होता.

तिसरं, आजोबांना बोलवून आधी सांगायला हवं होतं. चौथीच्या पोरांचा अपमान आम्ही गृहीतच धरला नव्हता.

ते केंद्रप्रमुख आता रिटायर झालेत, चार्ज एका मुख्याध्यापकांकडं आहे, वही केंद्रशाळेच्या कपाटात असावी. मार्च २०२५ ला निपुण महाराष्ट्रचा कृती कार्यक्रम आला, परत स्तर, परत लिंक, या वेळी चावडी वाचनही, म्हणजे पोरांनी गावासमोर वाचून दाखवायचं. वस्तीवरच्या मॅडमचा फोन आला, म्हणाल्या, "सर, या टायमाला खरं भरू का?" मी म्हणलं, मॅडम, आधी साहेबांना जाऊन भेटा, पोरांच्या वह्या बरोबर न्या, मग भरा. त्या गेल्या होत्या. साहेबांनी तासभर वह्या बघितल्या म्हणे.